घर बांधताना मोजणी आगोटीपासून मागे करावी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी मृग लागला की मुंबईच्या गावठाणांमधून एकच वाक्य कानावर येते : पावसाने घर अडवले. रानवार, चिंबई, खार दांडा, वेसावे, मढ, मनोरी, गोराई या भागांत वाडवडिलांच्या जागेवर स्वतः उभे राहून घर बांधणारी कुटुंबे अजून आहेत. त्यांच्यामागे मोठा बिल्डर नसतो, एका साइटवरची माणसे दुसरीकडे फिरवायची सोय नसते. एक गवंडी, एक सेंट्रिंगवाला (स्लॅबचा साचा उभारणारा), एक फिटर (सळई बांधणारा), चार बिगारी आणि रजा काढून देखरेखीला उभे असलेले घरातलेच कोणीतरी, एवढ्यावर घर उभे राहते. अशा कामात महिनाभराचा उशीर म्हणजे महिनाभराचे जादा भाडे, आणि तेही जुने घर पाडून झाल्यावर. या कामांशी रोजचा संबंध असल्याने आम्हाला सांगावेसे वाटते की बांधकामातल्या सगळ्या अडचणींत पाऊस ही एकच अडचण तारीख सांगून येते. वेळापत्रक मात्र ती तारीख ठाऊक नसल्यासारखे आखले जाते.

हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला परततो. २०२५ साली तो २६ मेलाच दाखल झाला, नेहमीपेक्षा सोळा दिवस आधी. ज्यांनी ‘३१ मेपर्यंत स्लॅब टाकू’ असे ठरवले होते त्यांच्या सेंट्रिंगच्या प्लायवर पाणी साचले. म्हणून आगोटीची, म्हणजे पाऊस सुरू होण्याची, तारीख १५ मे धरावी आणि तिथून मागे मोजत यावे. तळमजला अधिक एक मजला, प्रत्येक मजला ६०० चौरस फुटांचा, असे घर धरू. १५ मेला गच्चीचा कोबा होऊन, त्यावर ४८ तास पाणी तुंबवून, खाली ओल उतरत नाही याची खात्री झालेली असावी. बाहेरचा गिलावा एप्रिलअखेर. वरचा स्लॅब मार्चच्या पहिल्या आठवड्यात, होळीला माणसे गावी जाण्याआधी. दोन स्लॅबांमध्ये सहा आठवडे लागतात : खालचे टेकू, वरचे कॉलम, दहा-बारा दिवस सेंट्रिंग, चार-पाच दिवस सळईची बांधणी. म्हणजे पहिला स्लॅब जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आणि जोते डिसेंबरच्या मध्यावर. खोदाईला कुदळ लागायला हवी ती पाऊस परतताच, दिवाळीच्या आगेमागे.

हे गणित एकदा कागदावर मांडले की एक कडू गोष्ट समोर येते. परवानगी फेब्रुवारीत हाती आली तर त्या वर्षी घर पुरे होणार नाही. मग फक्त जोत्यापर्यंतचे काम उरकून थांबावे. परवानगी मार्चअखेर आली तर खोदाई करूच नये, आणि मुख्य म्हणजे जुने घर पाडू नये. लोक इथेच फसतात. कागद हातात आला की उत्साहाच्या भरात घर पाडतात, एप्रिलमध्ये भाड्याने जातात, मेअखेर चार खड्डे खणून होतात आणि जूनमध्ये त्या खड्ड्यांची तळी होतात. थांबलात तर पावसाच्या त्याच चार महिन्यांत माती परीक्षण, ग्रिल आणि चौकटींची मापे, संरचना अभियंत्याकडून सळईचे तपशील, नळजोडणीचे अर्ज ही कामे जुन्या छपराखाली बसून होतात. पावसाळ्यात रस्ता खोदायला पालिका साधारणपणे परवानगी देत नाही, तेव्हा पाणी आणि मलनिस्सारणाच्या जोडण्यांचा पाठपुरावा तर हिवाळ्यातच सुरू व्हायला हवा.

परवानगीचा एक पेच कायद्यातच आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे बांधकाम परवानगी एक वर्षाची असते. ती वर्षावर्षाने वाढवून मिळते, पण ही वाढ तीन वर्षांपलीकडे नाही. मुंबईत वर्षातले चार महिने पाया आणि स्लॅबची कामे नीट होत नाहीत, म्हणजे दर वर्षी उघडे महिने आठच. त्यातही जोत्यापर्यंतची परवानगी आधी आणि जोत्याची तपासणी झाल्यावर पुढची, असा टप्पा असतो. मार्चमध्ये जोते तयार झाले आणि तपासणीला तीन आठवडे गेले, तर ते तीन आठवडे एप्रिलमधले असतात. त्यांची किंमत जुलैतल्या तीन आठवड्यांच्या कितीतरी पट असते. तपासणीचा अर्ज जोते पूर्ण झाल्यावर लिहायला बसू नये. आर्किटेक्टकडून कागद आधी तयार करून घ्यावेत, जोत्याच्या बीमचे काँक्रीट झाले त्याच दिवशी जागेची मापे आणि फोटो घ्यावेत आणि दुसऱ्या दिवशी अर्ज दाखल करावा.

आता पायाचे. कोळीवाड्यांत आणि खाडीलगतच्या भरावाच्या जमिनीत खड्ड्यातले पाणी नुसते पावसाचे नसते. चार-पाच फूट खाली गेले की भरतीबरोबर पाणी वर येते आणि ओहोटीबरोबर, थोड्या उशिराने, उतरते. हे न पाहता काँक्रीटचा दिवस ठरवला की पंप दिवसभर चालूनही तळ दिसत नाही. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा ठोकताळा इथे उपयोगी पडतो. तिथीला तीनने गुणून चारने भागले की भरतीची वेळ तासांत निघते. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती साधारण सव्वा अकरा ते बाराच्या सुमारास, म्हणजे ऐन कामाच्या वेळेला, आणि तीही उधाणाची. अष्टमीला मात्र भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, पाण्याचा उतार दुपारी बाराला, आणि भरतीसुद्धा भांगाची, कमी उंचीची. म्हणून पायाचे काँक्रीट अष्टमी ते दशमीच्या दरम्यान ठेवावे. सकाळी नऊला पंप लावावा, अकराला तळ कोरडा दिसतो, एकपर्यंत काँक्रीट संपते आणि संध्याकाळी चढणारे पाणी बेताचे असते. अचूक वेळ आणि उंची भरतीच्या तक्त्यात पाहूनच दिवस पक्का करावा, ठोकताळा फक्त आठवडा निवडण्यापुरता.

खोदताना शेवटची सहा इंच माती तशीच ठेवावी आणि पीसीसी (सळईविना साधे काँक्रीट) टाकायच्या सकाळीच ती काढावी. आधीच पूर्ण खोलीपर्यंत खणून ठेवलेला खड्डा एका पावसात खराब होतो. तळाची घट्ट माती भिजून लोण्यासारखी होते, पाय टाकला की घोट्यापर्यंत रुततो. त्या चिखलावर खडी पसरून पीसीसी ओढणे हा अनेकांचा उपाय. घर पुढे एका कोपऱ्यात खचते ते त्यामुळे. चिखल फावड्याने पूर्ण काढावा आणि जितके खाली गेलो तितके पीसीसीनेच भरून वर यावे, सुट्या मातीने नाही. पाणी काढायला फूटिंगच्या (कॉलमखालच्या पसरट पायाच्या) बाहेर, खड्ड्याच्या कोपऱ्यात दीड फूट लांबरुंद आणि तळापेक्षा फूटभर खोल असा हौद खणावा, त्यात भोके पाडलेला डबा ठेवून भोवती खडी घालावी आणि पंपाचा पाइप त्या डब्यात सोडावा. पाइप थेट काँक्रीटशेजारी ठेवला की पाण्याबरोबर सिमेंटही ओढले जाते, खाली उरते ती धुतलेली खडी. काँक्रीट झाल्यावरही हौदातला उपसा किमान २४ तास चालू ठेवावा. रात्री पंप बंद करून माणूस घरी गेला आणि त्यानंतरच्या भरतीने ताज्या काँक्रीटखालून पाणी वर आले, तर सकाळी वरून सगळे ठीक दिसते आणि आत पोकळ राहते. पंप, मिक्सर, व्हायब्रेटर या सगळ्यांच्या वायरवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा खटका) असलाच पाहिजे. ओल्या खड्ड्यात उतरलेल्या बिगाऱ्याचा जीव त्या एका खटक्यावर असतो.

शेजाऱ्याची भिंत हा गावठाणातला वेगळा प्रश्न. दोन घरांत कित्येकदा दोन-तीन फुटांचेच अंतर असते आणि जुन्या घरांचे पाये उथळ असतात. त्या बाजूचे सगळे खड्डे एकदम उघडू नयेत. एक सोडून एक खणावा, फूटिंग आणि जोत्यापर्यंतचा कॉलम करून तो भरून घ्यावा, मगच मधला उघडावा. पंधरा दिवस जास्त लागतात, पण शेजारच्या भिंतीला तडा गेला तर काम किती महिने थांबेल याचा अंदाजही करता येत नाही.

पावसाळ्यासाठी थांबायचे तर कुठे थांबावे, हेही आधी ठरवावे. भराव ठोकून, वर पीसीसी केलेले जोते ही चांगली जागा. कडेपर्यंत पूर्ण झालेला स्लॅब ही दुसरी. अर्धे भरलेले कॉलम, वर आच्छादन नसलेल्या ताज्या भिंती, पीसीसीशिवाय उघडा भराव, या तीन जागी कधी थांबू नये. भिंतीचे सांधे पावसाने धुऊन निघतात आणि भराव एका बाजूला बसतो. कॉलमच्या वर राहिलेल्या सळ्यांना सिमेंटच्या पातळ रबडीचे दोन हात द्यावेत आणि वरून प्लास्टिक गुंडाळून तारेने बांधावे. जोडासाठी सळई तिच्या व्यासाच्या साधारण पन्नास पट मोकळी लागते : १६ मिलिमीटरची असेल तर ८०० मिलिमीटर, १२ ची असेल तर ६००. ऑक्टोबरमध्ये तारेच्या ब्रशने घासून पाहावे. नुसता तांबूस रंग चालतो. पापुद्रा सुटत असेल तर तो पूर्ण काढून, तिच्याबरोबरच गंजलेला एक मीटरचा सुटा तुकडा तोलून बघावा. १६ मिलिमीटरच्या सळईचे वजन मीटरला १.५८ किलो आणि १२ च्या सळईचे ०.८९ किलो हवे. त्याहून बरेच कमी भरले तर संरचना अभियंत्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

समुद्राची हवा थेट लागणाऱ्या घराला आयएस ४५६ (काँक्रीटचे भारतीय मानक) प्रमाणे एम ३० दर्जाचे काँक्रीट, पाणी सिमेंटच्या ०.४५ पटीपर्यंतच आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचे आवरण, लागते. गावठाणात अजूनही सरसकट एक-दीड-तीनचा (सिमेंट, रेती, खडी) माल आणि २० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक वापरले जातात, आणि दहा-बारा वर्षांत सज्जे फुटू लागतात. एम ३० फरम्याने, म्हणजे मापाच्या पेटीने, मोजून होत नाही, त्याला वजनाने मोजलेला माल लागतो. गल्लीत गाडी येत नसेल तर मोठ्या रस्त्यावरून पाइप टाकून तयार काँक्रीट पंपाने आणता येते. कारखान्यात गाडीत भरल्यापासून दोन तासांत ते ओतून संपले पाहिजे. वाहतुकीच्या कोंडीत आणि अवजड वाहनांच्या बंदीच्या वेळेत गाडी अडकली आणि चालकाने वरून पाणी घातले, तर ती गाडी परत पाठवावी.

खाडीपासून लांब, साइटवरच माल कालवायचा असेल तिथे पावसाळ्यातली सगळ्यात मोठी चूक रेतीत होते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. ओलसर रेती फुगते. चार-सहा टक्के ओलीत तिचे आकारमान वीस-तीस टक्क्यांनी वाढते. फरमा वरपर्यंत भरलेला दिसतो, पण २५ टक्के फुगलेल्या रेतीच्या एका फरम्यात खरी रेती ८० टक्केच असते. उरलेली जागा हवेची. त्यामुळे माल खडबडीत होतो, खडीभोवती पोकळ्या राहतात आणि सेंट्रिंग काढल्यावर बीमच्या बाजूला मधाच्या पोळ्यासारखी भोके दिसतात. तपासायची रीत सोपी आहे. काचेच्या सरळ बरणीत रेती न ठोकता भरा, उंची मोजा, मग पाणी घालून ढवळा आणि बसू द्या. २० सेंटिमीटरची रेती १६ वर बसली तर ती २५ टक्के फुगलेली होती, मग दीडऐवजी जवळजवळ पावणेदोन ते दोन फरमे घ्यावे लागतील.

याच रेतीत पाणीही लपलेले असते. एका गोणीच्या मालाचा हिशेब घ्या. ५० किलो सिमेंट म्हणजे ३५ लिटरचा एक फरमा. दीड फरमा रेती म्हणजे सुमारे ८४ किलो, पाच टक्के ओल असेल तर तिच्यात चार लिटर पाणी. तीन फरमे ओल्या खडीच्या अंगावर आणखी दीड लिटर. या मालाला, म्हणजे एम २० ला, गोणीमागे साधारण २७ लिटर पाणी चालते, तेव्हा वरून घालायचे २१-२२ लिटरच. मिक्सरवाला मात्र उन्हाळ्यात घालत होता तितकेच पाणी जूनमध्येही घालतो. पाच लिटर जादा पाण्याने काँक्रीटची ताकद चांगलीच घसरते, शिवाय ते गळते आणि आक्रसून तडकते. डब्यावर खिळ्याने खूण करून द्यावी आणि सकाळी रेती पाहून ती खूण बदलावी. कोळीवाड्यातल्या विहिरीचे पाणी वापरण्याआधी तपासून घ्यावे. सळई असलेल्या काँक्रीटला पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही, आणि समुद्रालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात.

स्लॅबच्या दिवसाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण पावसाचा खरा फटका इथे बसतो. ६०० चौरस फूट, पाच इंच जाडीचा स्लॅब म्हणजे सुमारे ७ घनमीटर. बीम धरून ९ घनमीटर. एक-दीड-तीनच्या मालाला ७२ गोण्या, सव्वा ते दीड ब्रास रेती, पावणेतीन ब्रास खडी. एका गोणीच्या मिक्सरला दर खेपेस पाच मिनिटे धरली तर अखंड सहा तास. सकाळी सातला पहिली खेप पडली तर दुपारी दोनपर्यंत संपते. मे आणि ऑक्टोबरचा गडगडाटी पाऊस बहुतेक दुपारनंतर येतो, म्हणून सुरुवातीची एक तासाची दिरंगाईही महाग पडते. आदल्या रात्री हवामान खात्याचा इशारा पाहावा. सकाळी पुढच्या तीन तासांचा अंदाज आणि कुलाबा-वेरावलीच्या रडारची चित्रे पाहावीत. नारंगी किंवा लाल इशारा असेल तर स्लॅब पुढे ढकलावा. मजुरी बुडते, पण ७२ गोण्या वाचतात.

रिमझिम आली म्हणून थांबू नये. ताडपत्री आधीच गच्चीवर हवी, स्लॅबच्या पूर्ण मापाची, बांबूच्या चौकटीवर टाकता येईल अशी. काँक्रीटवर थेट टाकली तर ती ओढताना पृष्ठभाग ओरबाडतो. सर जोराची आली तर मिक्सर थांबवावा, आणि काम जिथे थांबवायचे तिथे गाळ्याच्या (दोन बीममधल्या अंतराच्या) मधल्या तिसऱ्या भागात सरळ फळी उभी करून काँक्रीट उभे कापावे. कडेला, बीमच्या तोंडाशी किंवा उतरत्या थरात सोडलेला जोड हीच पुढे गळतीची रेघ होते. दुसऱ्या दिवशी त्या जोडावरची सिमेंटची पांढरी साय तारेच्या ब्रशने खरवडून, खडी दिसेपर्यंत, पाण्याने धुऊन, सिमेंटची रबडी लावून मगच पुढचे काँक्रीट टाकावे. सर येऊन गेल्यावर खडी उघडी पडलेली दिसली आणि गवंड्याने वर कोरडे सिमेंट भुरभुरवून थापी फिरवली, तर ते रोखावे. तो पापुद्रा सुटतोच. चोवीस तासांनी खिळ्याने ओरखडा काढून पाहावा. सहज रेघ उठत असेल तर अभियंत्याला बोलवावे. ९ घनमीटरच्या कामाला दोन नमुने, प्रत्येकी १५० मिलिमीटरचे तीन ठोकळे, हे आयएस ४५६ चे प्रमाण आहे. सात दिवसांच्या चाचणीसाठी तीन ठोकळे वेगळे काढले तर संशय लवकर मिटतो. काँक्रीट टाकण्याआधी सेंट्रिंगवर पडलेले बांधणीच्या तारेचे तुकडे वेचून काढायला एका माणसाला अर्धा तास लावावा. ते राहिले तर पावसात गंजून छतावर तपकिरी ठिपके उमटतात आणि रंगातूनही वर येत राहतात.

टेकू कशावर उभे आहेत, हे कोणी पाहत नाही. ७ घनमीटर ओले काँक्रीट म्हणजे साडेसतरा टन. ते बल्ल्यांवर आणि बल्ल्या नव्या भरावावर. रात्रीच्या पावसाने भराव भिजला की एखादी बल्ली बोटभर खचते आणि स्लॅबला पोट येते. तळमजल्याचे पीसीसी आधी करावे. ते नसेल तर प्रत्येक बल्लीखाली जाड फळी ठेवावी आणि पाणी बाहेर काढणारा चर खणावा. टेकू काढायची घाईही नको. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्याचे १४, सहा मीटरपर्यंतच्या बीमचे १४ आणि पुढच्याचे २१ दिवस, हे आकडे साध्या सिमेंटचे आहेत. बाजारात बहुतेक पीपीसी (राख मिसळलेले पोझोलाना सिमेंट) मिळते, ते सावकाश ताकद धरते, तेव्हा अभियंत्याला विचारून मुदत वाढवावी.

पावसाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. काँक्रीट घट्ट झाल्यावर पडणारा पाऊस त्याचे भलेच करतो. पीपीसीला किमान १० दिवस पाणी मारावे लागते, १४ केले तर उत्तम. ६०० चौरस फुटांच्या स्लॅबवर दोन इंच पाणी तुंबवायला २,८०० लिटर लागतात आणि मेच्या उन्हात रोज काहीशे लिटर उडून जातात. जुलैत हे फुकट मिळते. फक्त उघडीप पडली तर गोणपाट ओले ठेवायला विसरू नये. पाणी मारणे पावसावर सोडले की उघडिपीच्या तीन दिवसांतच बारीक तडे दिसतात.

पावसाबाहेरच्या अडचणींचेही कॅलेंडर असते. दिवाळीनंतर छठपूजेला, मार्चमध्ये होळीला आणि पुढे लग्नसराईला परप्रांतीय कारागीर गावी जातात, कोकणातले शिमग्याला आणि गणपतीला. ‘चार दिवसांत येतो’ म्हणणारा सेंट्रिंगवाला पंधरा दिवस धरावा. पावसाळ्यात नदीतला रेतीउपसा बंद असतो, त्यामुळे ऑक्टोबरच्या पहिल्या खेपेसाठी गर्दी उडते. हिवाळ्यात हवा बिघडते. ३० डिसेंबर २०२४ ला पालिकेने भायखळा आणि बोरिवली पूर्व भागातली सगळी बांधकामे थांबवायला सांगितली होती, आणि ऑक्टोबर २०२३ च्या सूचनांप्रमाणे एकरापेक्षा लहान बांधकामाभोवतीही २५ फूट उंच पत्रा लागतो. लहान घराला तो खर्च जड आहे, पण हिरवे कापड, ओली ठेवलेली रेती आणि झाकलेला राडारोडा एवढे तरी असावेच, म्हणजे काम थांबवण्याच्या नोटिशीचा धोका कमी होतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये टँकरवाल्यांच्या संपाने पाणी बंद झाले, तेव्हा ज्यांच्याकडे साठवणीची टाकी होती त्यांचेच स्लॅब भिजत राहिले. या सगळ्याला मिळून वेळापत्रकात किमान पाच आठवडे मोकळे ठेवावेत. वरच्या मोजणीत ते धरलेले नाहीत, म्हणून खोदाईचा दिवस चुकवू नये असे आम्ही म्हणतो.

सिमेंट एका स्लॅबापुरतेच मागवावे, वर फार तर पाच गोण्या. जमिनीपासून सहा इंच उंच फळ्यांवर, भिंतीपासून दीड फूट लांब, दहा थरांपेक्षा उंच नाही. तीन महिन्यांहून जुनी गोणी चाचणीशिवाय वापरू नये. हाताने न फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर ती गोणी कॉलमला लावू नये, चाळूनसुद्धा. भिंती सुकल्याशिवाय रंग नको, ओलीवर लावलेला रंग फुगतो आणि खाली लोणा धरतो. दारे पावसाळ्यात बसवू नयेत. जुलैत फुगलेले दार सुतार रंधा मारून बसवतो आणि डिसेंबरात त्याच दाराच्या फटीतून उजेड दिसतो.

शेवटी दोन विनंत्या. परवानगी देणाऱ्या कार्यालयांनी १ मार्च ते १५ मे या काळात आलेल्या जोते तपासणीच्या अर्जांना सात दिवसांत तपासणीची तारीख द्यावी. ५०० चौरस मीटरपेक्षा लहान भूखंडावर स्वतःसाठी घर बांधणाऱ्यांपुरता हा नियम झाला तरी पुष्कळ. आणि आपल्या दैनिकाला विनंती अशी की पंचांगाच्या चौकटीत, सूर्योदय-सूर्यास्ताशेजारी, भरती-ओहोटीच्या वेळा आणि मीटरमधली उंची रोज छापावी, आणि रविवारच्या अंकात पुढच्या आठ दिवसांची एकत्र. पाण्याच्या कडेला खड्डा खणून बसलेल्या माणसाला सोमवारी पंप लावावा की गुरुवारपर्यंत थांबावे, हे त्यावरून ठरवता येईल.

आपले नम्र,
गावठाणातील घरबांधणीच्या कामांवर देखरेख करणारे अभियंते आणि पर्यवेक्षक,
मुंबई